फोटो छान आहे, पण खेकडा कोणता?

गेल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळी मी पुतणीबरोबर वांद्र्याला कार्टर रोडच्या खडपावर गेलो होतो. समुद्र चांगलाच मागे सरला होता. एरवी पाण्याखाली असणारे काळे खडक उघडे पडले होते आणि त्यांच्या खाचांत घोटाभर पाण्याची डबकी राहिली होती. पुतणी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, फोटोग्राफीचं खूळ अगदी नवीन. कॅमेरा नाही, हातातला फोन तेवढा. सूर्य पाण्याला टेकत असताना खडकाच्या टोकावर नांग्या उगारून बसलेला एक खेकडा तिला दिसला. मागे केशरी गोळा, पुढे खेकड्याची काळीभोर आकृती. तिने फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला आणि आत्या-मावश्यांची वाहवा सुरू झाली.

तोच फोटो मी प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या ओळखीच्या एका बाईंना पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं. "फोटो छान आहे, पण खेकडा कोणता?"

पुतणी हिरमुसली. मग बाईंनीच विचारलं, आणखी काही काढलेत का? होते. खडकाच्या कपारीत छताला उलटा लटकलेल्या एका खेकड्याचे तीन-चार फोटो तिने काढले होते. टॉर्चचा पांढराफटक उजेड, शेजारी कंपासपेटीतली सहा इंची पट्टी, एका कोपऱ्यात माझा अंगठा. "काका, हे मी डिलीटच करणार होते," ती म्हणाली. हे फोटो पाहून बाईंनी दहा मिनिटांत खेकड्याचा गट सांगितला, ती मादी आहे हे सांगितलं आणि पोटाखाली अंडी दिसताहेत, हेही सांगितलं. वर मूळ फाइल मागून घेतली.

छान फोटो बिनकामाचा आणि टाकाऊ फोटो कामाचा, हे कसं? हौशी छायाचित्रकारांनी हा प्रश्न पहिल्याच वर्षी स्वतःला विचारायला हवा असं मला वाटतं. त्याचं उत्तर थोडं प्राण्यांच्या शरीरात आहे, थोडं उजेडात आणि थोडं पंचांगात.

कोणती बाजू हवी?

निसर्गाच्या फोटोचा उपयोग करणारा माणूस त्या फोटोला काहीतरी विचारत असतो. हा कोण? नर की मादी? कुठे, कधी? गेल्या वर्षी दिसला तोच का? उत्तर प्राण्याच्या ज्या भागावर लिहिलेलं असेल, तो भाग फोटोत हवा. खेकड्यांमध्ये ते बऱ्याचदा पोटावर असतं. खेकड्याची शेपटी पोटाखाली दुमडलेली असते. नराची ही पट्टी अरुंद आणि टोकदार असते, मादीची रुंद आणि गोलसर, कारण तिला त्या पदराखाली अंडी सांभाळायची असतात. ही खूण बाजारात चिंबोऱ्या निवडणाऱ्या कोणत्याही कोळणीला ठाऊक असते. सूर्यास्तासमोरच्या काळ्या आकृतीत ती कुठून दिसणार?

शंखांचं वेगळं. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून शंख धरला, तर बहुतेक शंखांचं तोंड उजव्या हाताला येतं. तोंडाचा आकार, कडेचे दात, आतला रंग यांवरून जात कळते. शंखाचा फक्त पाठीमागून काढलेला फोटो म्हणजे माणसाचा फक्त मानेमागून काढलेला फोटो. समुद्री गोगलगाईंमध्ये डोक्यावरची दोन शिंगं आणि कित्येकींच्या पाठीवर असलेला कल्ल्यांचा फुलोरा पाहावा लागतो.

हे फक्त समुद्राचं नाही. वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीवर जसेच्या तसे नसतात. म्हणून वाघ मोजताना पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात, दोन्ही कुशी एकदमच मिळाव्यात म्हणून. व्हेल शार्कच्या बाबतीत अभ्यासक कल्ल्यांच्या मागची डावी बाजू मागतात. तिथल्या पांढऱ्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येक माशाची वेगळी असते. हे ठिपके जुळवायला वापरलेली गणिती पद्धत मुळात खगोलशास्त्रज्ञांनी आकाशाच्या दोन फोटोंतले तारे एकमेकांशी जुळवण्यासाठी बनवली होती. माशाच्या पाठीवर नक्षत्रं शोधायची ही कल्पना मला फार आवडते.

वाघांची संख्या अशा फोटोंवरून कशी निघते, हेही सांगतो. समजा जत्रेत किती माणसं आहेत हे काढायचं आहे. पहिल्या दिवशी आपण ४० जणांच्या कपाळाला बुक्का लावला. दुसऱ्या दिवशी सहज ५० माणसं पाहिली, तर त्यांत १० जण बुक्क्याचे निघाले. म्हणजे पाहिलेल्यांपैकी एक पंचमांश बुक्क्याचे. मग आपले ४० हेही सगळ्या जत्रेच्या एक पंचमांश असणार, म्हणजे जत्रेत साधारण २०० माणसं. वाघाला बुक्का लावावा लागत नाही, त्याचे पट्टे त्याच्या अंगावरच असतात. तारेला पाय लागला की आपोआप फोटो निघावा, अशी योजना करून एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२०च्या दशकातच हिंदुस्थानातल्या वाघांचे फोटो काढले होते. पण त्या पट्ट्यांवरून शास्त्रशुद्ध गणना करण्याची पद्धत १९९०च्या दशकात उल्हास कारंथ यांनी नागरहोळेच्या जंगलात बसवली. २०१८ सालच्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांनी ३,४८,५८,६२३ फोटो टिपले आणि त्यांतले वाघांचे किती, तर ७६,६५१. त्या ढिगातला एकही फोटो भिंतीवर लावण्यासाठी काढलेला नव्हता.

समुद्राचं घड्याळ

किनाऱ्यावरच्या फोटोग्राफीत सर्वांत महत्त्वाचं साधन लेन्स नव्हे, कालनिर्णय. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशोब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दिवसाही आणि रात्रीही. प्रत्यक्षात थोडं मागेपुढे होतं आणि प्रत्येक खाडीची स्वतःची खोड असते, पण अंदाज घ्यायला हे पुरतं.

हे जमतं कसं? भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते आणि चंद्र रोज थोडा उशिरा उगवतो. तीस तिथींत हा उशीर पुऱ्या चोवीस तासांचा होऊन घड्याळ पुन्हा मूळ जागी येतं. चोवीस तासांना तीसने भागलं की तिथीमागे ४८ मिनिटं मिळतात. तोंडी हिशोबाला पाऊण तास.

भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. पण प्रत्येक ओहोटी फोटोग्राफरच्या कामाची नसते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात. तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, त्याला उधाण म्हणतात. मुंबईत अशा दिवशी भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडू शकतो. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात असतात, एकाची ओढ दुसऱ्याची ओढ कमी करते आणि भांगाची भरती येते. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही.

आता दोन्ही हिशोब जोडा. अष्टमीला ओहोटी भर दुपारी, उजेड भरपूर, पण खडप पाण्याखालीच. पौर्णिमेला खडप पार उघडं, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास, म्हणजे उजेड नुकताच येत असताना किंवा जात असताना. मुंबईच्या किनाऱ्याची ही थट्टा आहे. चांगली ओहोटी आणि चांगला उजेड एकत्र क्वचितच मिळतात. पुतणीचा खेकडा काळा पडला, त्याची निम्मी जबाबदारी चंद्रावर जाते.

खेकडा काळा का पडतो

उरलेली निम्मी कॅमेऱ्यावर. आपला डोळा उजळ आकाशही पाहतो आणि त्याच वेळी सावलीतला खेकडाही. कॅमेऱ्याला एकाच फोटोत दोन्ही सांभाळणं जड जातं. तो समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो आणि ती मध्यम करड्या रंगाला येईल इतका प्रकाश आत घेतो. आकाशाने चौकट भरली असेल तर सरासरी फार वर जाते, कॅमेरा प्रकाश कमी करतो आणि पुढचं सगळं अंधारात बुडतं. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या आजीचा फोटो काळा येतो, तोच प्रकार. किनारा पश्चिमेकडचा आणि ओहोटी संध्याकाळची, त्यामुळे सूर्य समुद्राच्या बाजूला. आपण समुद्राकडे तोंड करून उभे राहिलो की तो नेमका खेकड्याच्या पाठीमागे येतो.

पहिला उपाय फुकटचा आहे. वळा. समुद्राकडे पाठ करा, म्हणजे उरलासुरला उजेड प्राण्यावर पडेल. तेवढ्याने भागलं नाही तर फोनवर खेकड्याच्या आकृतीवर बोट टेकवून प्रकाश वाढवा. मागचं आकाश पांढरं पडेल, पडू द्या. तिसरा उपाय टॉर्च. पण उघड्या टॉर्चने ओल्या पाठीवर पांढरे ठिपके पडतात आणि सावल्या कडक येतात. टॉर्चपुढे ट्रेसिंग पेपरचा तुकडा किंवा दुधाच्या रंगाचं झाकण धरलं की उजेड पसरतो. ट्यूबलाइटखाली चेहरा मऊ दिसतो आणि विजेरीच्या झोतात भुतासारखा, यामागचं कारण तेच. उजेड येणारी जागा जितकी मोठी, तितकी सावली मऊ.

रंगांचंही बघायला हवं. संध्याकाळचा उजेड तांबूस, टॉर्चचा निळसर, आणि कॅमेरा दोन्हींत अंदाज बांधत बसतो. प्राण्याशेजारी पांढऱ्या कागदाचा कपटा ठेवून एक फोटो जास्तीचा काढा. नंतर पाहणाऱ्याला तो कागद पांढरा करून घेता येतो आणि त्याबरोबर खेकड्याचा रंगही ठिकाणावर येतो.

पाण्यावरची चकाकी

डबक्यात समुद्रफूल दिसतंय, फोटो काढला तर त्यात फक्त आकाश. हा अनुभव प्रत्येकाचा आहे. पाण्याचा पृष्ठभाग थोडा प्रकाश आत सोडतो आणि थोडा आरशासारखा परत फेकतो. आपण तिरकं पाहिलं की परत फेकलेला भाग वाढतो, सरळ वरून पाहिलं की कमी होतो. परत आलेल्या या प्रकाशाची कंपनं बहुतांशी आडवी असतात. अंगणाच्या उभ्या गजांच्या फाटकातून आडवी काठी सरकत नाही, उभी सरकते. ध्रुवक, म्हणजे पोलराइझर, हे असंच फाटक आहे. तो भिंगासमोर धरून फिरवायचा, एका ठिकाणी आडवी कंपनं अडतात आणि डबक्याचा तळ एकदम उघडतो. त्याचा परिणाम सर्वांत जास्त दिसतो तो पाण्याकडे सरळ उभ्या दिशेपासून साधारण ५३ अंश तिरकं पाहताना. वेगळा ध्रुवक घ्यायची गरज नाही, कुणाचा पोलराइझ्ड गॉगल फोनच्या भिंगासमोर धरून फिरवला तरी जमतं.

पण ध्रुवक निम्म्याहून जास्त उजेड खातो आणि संध्याकाळच्या ओहोटीला उजेड आधीच कमी. म्हणून माझं मत काळ्या छत्रीला. डबक्यावर छत्री धरली की पाण्यात उमटायला आकाशच उरत नाही. किनाऱ्यावर उघडी छत्री घेऊन डबक्यापाशी ओणवं बसलेल्या माणसाकडे लोक वळून बघतात. बघू द्यावं.

जवळचं आणि अस्पष्ट

खेकड्याच्या डोळ्यावर नेम धरला तर पाठ धूसर, पाठीवर धरला तर पाय धूसर. कारण भिंगासमोर एक अदृश्य काच उभी आहे असं समजा. त्या काचेवर जे असेल ते रेखीव, तिच्या पुढे-मागे गेलं की विरत जातं. दूरच्या डोंगराचा फोटो काढताना ही काच जाडजूड भिंतीएवढी असते. वस्तू बोटभर अंतरावर आली की ती काही मिलिमीटरची उरते. त्यामुळे प्राण्याचा जो भाग महत्त्वाचा, तो त्या काचेत सपाट बसवायचा. पाठ हवी असेल तर फोन पाठीला समांतर धरा, तिरका नको. तीन भाग हवे असतील तर तीन फोटो.

इथे फोनवाल्यांना एक सुखद बातमी आहे. कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चकती जितकी लहान, तितकी ही काच जाड. एवढ्याशा गोष्टीत लाखभराच्या कॅमेऱ्यापेक्षा फोनला जास्त सोपं जातं. मात्र फोनची एक खोड लक्षात ठेवावी लागते. अंधारात येणारे बारीक ठिपके पुसायला तो फोटो गुळगुळीत करतो आणि त्याबरोबर खरे बारीक तपशीलही जातात. केसाळ खेकड्याचे केस हीच त्याची ओळख. फोनने त्याची हजामत केली की उरतो एक गोटा. म्हणून उजेड वाढवा, झूम कमी करा, पाय जमिनीवर टेकवून जवळ जा. 'ब्यूटी' आणि 'एन्हान्स'वाली सगळी बटणं बंद ठेवा. नसलेला तपशील भरून काढणारा फोटो मला काळ्या आकृतीपेक्षा घातक वाटतो. काळी आकृती निदान खोटं बोलत नाही.

खोटं बोलण्यावरून काजवे आठवले. वैशाख-ज्येष्ठात भंडारदरा, राजमाचीकडचे जे फोटो फिरतात, त्यांत झाडावर हजारो काजवे एकदम पेटलेले दिसतात. बहुतेक वेळा तासभर काढलेले बरेच फोटो एकावर एक रचून ते दृश्य तयार होतं. दिसायला सुरेख असतं, माझी हरकत नाही. पण त्यावरून त्या क्षणी झाडावर किती काजवे होते हे सांगता येत नाही. खाली एक ओळ लिहून तसं सांगावं, एवढीच अपेक्षा.

फोटोच्या पोटातली चिठ्ठी

बाईंनी मूळ फाइल का मागितली? डिजिटल फोटोच्या आत एक अदृश्य चिठ्ठी असते. तारीख, वेळ, भिंगाची माहिती आणि फोनची जागेची सोय चालू असेल तर अक्षांश-रेखांशही. संग्रहालयातल्या जुन्या नमुन्याच्या पायाला दोऱ्याने जे लेबल बांधलेलं असतं, त्याचंच हे रूप. लेबल हरवलेला नमुना म्हणजे नुसतं भुसा भरलेलं पाखरू.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि ही चिठ्ठी गळून पडते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर राहते. स्क्रीनशॉटवर नवीन तारखेचं लेबल लागतं, ते तर आणखी वाईट. आणि पट्टी? चिठ्ठीत प्राण्याचा आकार नसतो. भिंग जवळ नेलं की तांदळाएवढी गोगलगाय आणि हाताएवढी गोगलगाय सारखीच दिसते. शेजारी पट्टी असली की वाद मिटतो.

अशा फोटोंतून ज्ञान उभं राहतं याची उदाहरणं आपल्या जवळचीच आहेत. २००६ मध्ये रमणा आत्रेय या पुण्यात काम करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाने अरुणाचलातल्या ईगलनेस्ट अभयारण्यातून बुगुन लिओसिकला हा पक्षी विज्ञानाला नव्याने सांगितला. तोवर नवी जात जाहीर करायची तर पक्षी मारून त्याचा नमुना संग्रहालयात ठेवण्याची रीत होती. आत्रेय यांनी पक्षी जाळ्यात धरला, मोजमापं घेतली, फोटो काढले, पिसं जपली आणि त्याला सोडून दिलं. इतका दुर्मीळ पक्षी मारायचा नाही, हा त्यांचा निर्णय होता. हे सगळीकडे चालत नाही. बहुतेक खेकडे, कोळी आणि किड्यांच्या बाबतीत अंतिम निर्णयाला अजूनही प्रत्यक्ष नमुनाच लागतो. पण 'कुठे शोधायचं' हे फोटो सांगतो.

फुलपाखरांच्या बाबतीत कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बटरफ्लाईज ऑफ इंडिया' हे संकेतस्थळ असंच हौशी लोकांच्या तारीख-ठिकाणासह आलेल्या फोटोंवर उभं केलं. आणि ज्या खडपावर आम्ही फिरत होतो तिथे २०१७पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम चालतो. ओहोटीला लोकांना घेऊन किनाऱ्यावर फिरायचं, दिसेल त्याचा फोटो घ्यायचा आणि तो आयनॅचरॅलिस्ट या संकेतस्थळावर चढवायचा.

ओळख पटते कशी

आयनॅचरॅलिस्ट २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालं. फोटो चढवला की आधी यंत्र अंदाज सांगतं. हे यंत्र गल्लीतल्या सगळ्यांचे चेहरे ओळखणाऱ्या शेजाऱ्यासारखं आहे. गल्लीतल्यांना अचूक ओळखेल, पाहुण्याला मात्र गल्लीतल्याच कुणासारखा ठरवेल. ज्या प्राण्यांचे हजारो फोटो त्याने पाहिलेत तिथे ते हुशार, आपल्या किनाऱ्यावरच्या कमी फोटोंच्या प्राण्यांत कच्चं. म्हणून त्याचा पहिला अंदाज डोळे मिटून स्वीकारू नये.

खरी ओळख माणसं पटवतात. जगभरातले जाणकार फोटो पाहून मत देतात. तारीख, जागा आणि फोटो असेल, आणि दोन-तृतीयांशांहून जास्त मतं एका जातीवर जुळली, तर नोंदीला 'रिसर्च ग्रेड' हा दर्जा मिळतो. नोंदीचा परवाना खुला ठेवला असेल तर ती नोंद पुढे कोपनहेगनला कचेरी असलेल्या जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता नोंदसंग्रहात जाते. तिथून कोणताही अभ्यासक ती घेऊ शकतो. कार्टर रोडचा खेकडा असा जगाच्या नकाशावर एक ठिपका होतो.

एका ठिपक्याने काय होतं, असं पुतणीने विचारलं. किनारी रस्त्याचं काम सुरू असताना २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या किनाऱ्यावरच्या प्रवाळांच्या वसाहती उचलून दुसरीकडे न्याव्या लागल्या. मुंबईच्या त्या गढूळ पाण्यात प्रवाळ आहेत, हेच बहुतेक मुंबईकरांना तोपर्यंत माहीत नव्हतं. जे आहे म्हणून नोंदलेलं नाही, ते हलवायला किंवा वाचवायला कुणी सांगणार नाही.

चौकट: ओहोटीला निघण्यापूर्वी
तिथी पाहा आणि ओहोटीची वेळ तक्त्यावरून ताडून घ्या. ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा, पाणी वळलं की परत फिरा. फोनची जागेची सोय चालू, घड्याळ बरोबर. सोबत पट्टी, पांढरा कागद, टॉर्च, ट्रेसिंग पेपर, काळी छत्री, पकड असलेले बूट. प्रत्येक प्राण्याचे निदान तीन फोटो: पूर्ण प्राणी, ओळखीची खूण जवळून, आणि तो जिथे आहे ती जागा. सुंदर फोटो शेवटी, वेळ उरला तर.

कुठे थांबायचं

चांगल्या पार्श्वभूमीसाठी प्राणी उचलून हलवायचा नाही. आपली जागा सोडून वाळूत ठेवलेल्या समुद्री गोगलगाईचा फोटो जाणकाराला लगेच कळतो, आणि 'कुठे राहते' या प्रश्नाचं उत्तर त्या फोटोत चुकीचं असतं. दगड उलटला तर तो होता तसाच ठेवायचा. त्याच्या खालच्या बाजूला सावलीत वाढलेले जीव उन्हात तासाभरात सुकतात. शंकूच्या आकाराचा शंख हातात घेऊ नये, त्याच्या आत विषारी सुई असू शकते. पावसाळ्यात वाळूवर येणाऱ्या निळ्या फुग्यांना, ब्लूबॉटलना, मेलेले दिसले तरी बोट लावू नये. रिकामे शंखही तिथेच राहू द्यावेत, शंखात राहणाऱ्या खेकड्यांसाठी ती भाड्याची घरं असतात. प्रवाळ तर वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. वाळलेला तुकडासुद्धा घरी आणता येत नाही.

जागा सांगण्यालाही मर्यादा आहे. तारा कासवासारखे प्राणी पाळीव म्हणून चोरून विकले जातात, आणि फोटोतली चिठ्ठी चोरालाही वाचता येते. आयनॅचरॅलिस्ट धोक्यातल्या जातींची नेमकी जागा आपोआप धूसर करतं. आपल्या हातून जाणाऱ्या फोटोंची काळजी मात्र आपणच घ्यायची. खेकड्याची जागा सांगायला हरकत नाही, घुबडाच्या घरट्याची सांगू नये.

पुतणी आता दर पौर्णिमेला त्याच खडकाचा, त्याच कोनातून एक फोटो काढते. खडकावर बरणीच्या झाकणाएवढा एक पिवळसर-तपकिरी प्रवाळ आहे. पाणी फार तापलं की प्रवाळाच्या अंगात राहून त्याला अन्न देणारी सूक्ष्म शैवालं निघून जातात आणि तो पांढरा पडतो. तो पांढरा पडला तर कोणत्या महिन्यात पडला, हे तिच्या फोटोंवरून सांगता येईल. त्या फोटोंना घरच्या ग्रुपवर कुणी वाहवा करत नाही, मी सुद्धा नाही.

तुमच्या फोनमध्ये अलिबागचे, गुहागरचे, मालवणचे फोटो पडून असतील. सहलीतल्या सेल्फींमध्ये एखादा खेकडा, एखादं समुद्रफूल सहज टिपलं गेलं असेल. मूळ फाइल असेल तर तिच्या पोटात तारीख आणि बहुधा जागाही अजून आहे. एकदा उघडून बघा.